'दहापट जिवाणू' या विधानाचा आधार: ऑनलाइन संदर्भ पारखण्याचे एक प्रकरण

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे 28 फेब्रुवारीला, कोल्हापुरातील अनेक महाविद्यालयांत पोस्टर स्पर्धा भरतात. अशाच एका स्पर्धेसाठी बी.एस्सी. भाग दोनच्या वर्गातील एक विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी यांनी मिळून 'माणसाच्या शरीरातील जिवाणू' हा विषय घेतला होता. त्यांच्या पोस्टरच्या मसुद्यात सर्वांत वर ठळक अक्षरांत एक वाक्य होते: 'तुम्ही फक्त दहा टक्के माणूस आहात!' त्याखाली खुलासा दिला होता की मानवी शरीरात जेवढ्या मानवी पेशी असतात त्यांच्या दहापट जिवाणू असतात. मसुदा फ्लेक्सच्या छपाईसाठी राजारामपुरीत जाण्याआधी मार्गदर्शक शिक्षक म्हणून माझ्याकडे आला, तेव्हा या वाक्याला आधार काय, एवढेच मी विचारले. "सर, डझनभर साइटवर हेच आहे की ओ," असे म्हणून विद्यार्थिनीने वही पुढे केली, आणि वहीत खरोखरच बारा पत्ते नीट उतरवून घेतलेले होते.

या जोडीने हयगय केलेली नव्हती, हे प्रथम नोंदवले पाहिजे. एकाच संकेतस्थळावर विसंबू नका, दोन-चार ठिकाणी ताडून पाहा, हे आपणच मुलांना शाळेपासून सांगत आलो आहोत, आणि त्यांनी दोन-चारच्या जागी बारा ठिकाणी ताडून पाहिले होते. तरीही विधान चुकीचे निघाले. प्रामाणिकपणे ताडून पाहिल्यावरही चूक लक्षात का आली नाही, याचा उलगडा करण्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

बारा पत्ते, पण साक्षीदार किती?

पहिल्या बैठकीत आम्ही बाराही पाने एकेक करून संगणकावर उघडली. संगणकावर उघडण्यालाही कारण होते. या दोघांचा बहुतेक शोध मोबाइलवर झाला होता. विद्यार्थिनी कागलहून एसटीने येते आणि तिचे बरेचसे वाचन त्या प्रवासातच होते. मोबाइलच्या पडद्यावर शोधाचे उत्तर वरच्या चौकटीत आयते मिळते, पण ते कोणी लिहिले, कधी लिहिले आणि कशाच्या आधारे लिहिले, हा मजकूर पानाच्या अगदी तळाशी किंवा एखाद्या बटणामागे राहतो. मोठ्या पडद्यावर तीच पाने पाहताना या तीन गोष्टी प्रथम शोधायच्या आणि मजकूर नंतर वाचायचा, असे आम्ही ठरवले.

बारांपैकी पाच पानांवर लेखकाचे नावच नव्हते. त्यांतील तीन पानांची वाक्ये शब्दशः सारखी होती, म्हणजे एकाने दुसऱ्याचे उतरवले होते. दोन पाने आतड्यांच्या आरोग्यासाठी पावडर आणि गोळ्या विकणाऱ्या दुकानांची होती. जिवाणूंचे महत्त्व जितके मोठे दिसेल तितका त्यांचा माल खपणार, तेव्हा या आकड्यात त्यांचा स्वार्थ गुंतलेला होता. एक पान प्रवेश परीक्षांच्या तयारीच्या टिपणांचे होते. एक लेख 'इंटरनॅशनल' असे भारदस्त नाव लावणाऱ्या नियतकालिकातला होता. त्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर संपादक मंडळाआधी शुल्काचा तक्ता दिसत होता आणि काही दिवसांत लेख छापून देण्याची हमी होती. खुल्या नियतकालिकांची पारखून केलेली यादी म्हणून 2003 पासून चालणाऱ्या 'डीओएजे' या सूचीत त्याचे नाव आढळले नाही. सूचीत नाव नसणे हा एकटा पुरावा पुरेसा नसतो, पण शुल्क, हमी आणि अनुपस्थिती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर तो लेख आम्ही बाजूला ठेवला. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी 2025 मध्ये बंद झाल्यापासून अशी पारख महाविद्यालयांना स्वतःच करावी लागते, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनाही ती शिकवायची हीच वेळ आहे.

खरा पेच उरलेल्या पानांनी निर्माण केला. त्यांतील एक पान अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, म्हणजे एनआयएचचे होते. या संस्थेच्या मानवी सूक्ष्मजीवसमूह प्रकल्पाबद्दल 2012 मध्ये निघालेल्या प्रसिद्धिपत्रकात, शरीरातील सूक्ष्मजीव मानवी पेशींना दहास एक या प्रमाणात भारी पडतात, असे स्पष्ट लिहिले होते. विद्यार्थ्याचे म्हणणे होते की सरकारी संस्थेचा पत्ता असेल तर विश्वास ठेवावा, असे त्याला एका कार्यशाळेत सांगितले होते. हा नियम प्राथमिक गाळणी म्हणून चांगलाच आहे, कारण तो दुकानदार आणि नक्कलकार यांना बाहेर ठेवतो. पण प्रसिद्धिपत्रक हा शोधनिबंध नव्हे. एनआयएचने त्या प्रकल्पात कोणते सूक्ष्मजीव कोठे राहतात याचा अभ्यास केला होता; दहास एक हे प्रमाण मोजणे हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. प्रास्ताविकात सर्वज्ञात समजून घातलेले ते वाक्य होते, आणि त्या वाक्यापुरती एनआयएच ही संस्थाही उरलेल्या पानांसारखी सांगोवांगीच बोलत होती. लेखनाचा मुख्य विषय एक आणि जाता जाता केलेले विधान दुसरे, हा भेद विद्यार्थ्यांना एकदा दाखवला की पुढे तो त्यांना आपोआप दिसू लागतो, असा माझा अनुभव आहे.

उगमाकडे

त्यानंतर एका वेगळ्या प्रश्नाने शोध सुरू केला: हा आकडा प्रथम कोणी आणि कसा काढला? शोधाच्या रकान्यात पूर्ण प्रश्न लिहिण्याऐवजी पबमेड या वैद्यक व जीवशास्त्राच्या लेखांच्या मोफत सूचीवर विषयाचे तांत्रिक शब्द इंग्रजीत दिले आणि डावीकडच्या पर्यायांतून फक्त पूर्ण मजकूर मोफत असलेले लेख निवडले. पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत, आणि अशा गाळणीशिवाय तेथे जाणारा विद्यार्थी बुजतो. गाळणीनंतर वरच्या काही निकालांतच 'प्लॉस बायॉलॉजी' या खुल्या नियतकालिकातील ऑगस्ट 2016 चा शोधनिबंध मिळाला. रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो हे त्याचे लेखक, आणि शरीरातील मानवी पेशी व जिवाणू यांची संख्या नव्याने काढणे हाच त्याचा मुख्य विषय. कोणतेही शुल्क न भरता तो संपूर्ण वाचता आला, ही गोष्ट कोल्हापूरसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांसाठी लहान नाही.

त्या निबंधात जुन्या आकड्याची वंशावळच दिली आहे. असंख्य लेख 1977 मधील ड्वेन सॅव्हेज यांच्या एका आढावा लेखाचा हवाला देतात. सॅव्हेज यांनी जिवाणूंची संख्या स्वतः मोजलेली नव्हती. त्यांनी 1972 मधील थॉमस लकी यांच्या लेखाचा आधार घेतला होता. आणि लकी यांच्या लेखात मोजणी नसून एक ढोबळ गुणाकार होता: आतड्यातील एक ग्रॅम द्रव्यात सुमारे 10 हजार कोटी जिवाणू, पचनमार्गात असे द्रव्य सुमारे 1 किलोग्रॅम, म्हणून एकूण 100 लाख कोटी. मानवी पेशींचा 10 लाख कोटी हा आकडाही तितकाच मोघम होता. शरीराच्या वजनाला एका सरासरी पेशीच्या वजनाने भागले की असा अंदाज निघतो. एका मोघम अंदाजाला दुसऱ्या मोघम अंदाजाने भागून दहा हे उत्तर आले, आणि पुढची चार दशके ते मोजलेले सत्य म्हणून फिरत राहिले.

येथे मी थांबून विद्यार्थ्यांना वहीतली यादी पुन्हा पाहायला सांगितली. बारा पानांपैकी ज्यांनी काही संदर्भ दिला होता ती सारी अखेर याच एका गुणाकारापाशी येऊन थांबत होती. पंचगंगेचे पाणी बारा नळांवर भरून घेतले तरी नदी एकच राहते; पाणी कसे आहे हे कळायला नदीवरच जावे लागते. 'किती ठिकाणी लिहिले आहे' याऐवजी 'किती जणांनी स्वतंत्रपणे मोजले आहे' हे विचारायचे, आणि उत्तर एक किंवा शून्य आले तर सावध व्हायचे, हे या प्रकरणातून त्या दोघांच्या हाती लागलेले मुख्य साधन आहे.

लकी यांच्यावर ठपका ठेवण्याचे कारण नाही. कागदाच्या कोपऱ्यावर केलेला अंदाज विज्ञानात उपयोगीच असतो, आणि त्यांनी आपले गणित झाकून ठेवलेले नव्हते. अडचण पुढच्या हातांनी केली, कारण त्यांनी उत्तर उचलले आणि त्यामागची गृहीतके मागेच सोडली.

नवा आकडाही तपासला

जुना आकडा मोडीत निघाला म्हणून नवा डोळे झाकून घ्यावा, असे होत नाही. सेंडर आणि सहकाऱ्यांनी 20 ते 30 वर्षे वयाचा, 70 किलो वजनाचा पुरुष प्रमाण मानला आहे. त्याच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आणि सुमारे 30 लाख कोटी मानवी पेशी असतात, असा त्यांचा निष्कर्ष; म्हणजे प्रमाण जवळपास 1.3 ला 1. जिवाणूंची गर्दी मुख्यतः मोठ्या आतड्यात असते आणि तेथील द्रव्य 1 किलो नसून 400 ग्रॅमच्या आसपास असते, ही त्यांची कळीची दुरुस्ती. दर ग्रॅममधील जिवाणूंचा आकडा लकी यांच्या आकड्याजवळच राहिला. गुणाकाराचा दुसरा घटक बदलला. अशा जिवाणूंचे एकूण वजन सुमारे 200 ग्रॅम भरते, ही माहितीही त्याच निबंधात आहे, आणि 'शरीरात दोन किलो जिवाणू' असे सांगणारी पाने वाचलेल्या विद्यार्थ्यांना ती विशेष उपयोगी पडली.

मानवी पेशींच्या आकड्याची पडताळणी मात्र आम्हाला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करता आली. या निबंधानुसार मानवी पेशींपैकी सुमारे 84 टक्के तांबड्या रक्तपेशी असतात. विद्यार्थिनीने शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वही काढली. न्यूबॉअर चेंबर वापरून तांबड्या पेशी मोजण्याचे प्रात्यक्षिक तिने त्याच सत्रात केले होते, आणि निरोगी पुरुषाच्या एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे 50 लाख तांबड्या पेशी असतात हे तिला पाठ होते. शरीरात रक्त साधारण 5 लिटर. एका लिटरमध्ये 10 लाख घन मिलिमीटर, म्हणून 5 लिटरमध्ये 50 लाख घन मिलिमीटर. 50 लाख गुणिले 50 लाख म्हणजे 25 लाख कोटी. ती ओळ लिहून ती थबकली, कारण जुन्या आकड्यानुसार संपूर्ण शरीरात पेशीच 10 लाख कोटी असायला हव्या होत्या. केवळ तांबड्या रक्तपेशी त्याच्या अडीचपट निघाल्या. दहापटीचा दावा फेटाळायला लागणारी अर्धी सामग्री तिच्या स्वतःच्या वहीत आणि तिच्या हातांनी केलेल्या प्रयोगात होती.

मी या क्षणाला फार महत्त्व देतो. ऑनलाइन साधनांच्या चर्चेत लेखक कोण, संस्था कोणती, तारीख काय, यांवर भर असतो आणि तो योग्यच आहे. पण जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे आणखी एक कसोटी असते, ती म्हणजे त्याला येणारे जीवशास्त्र. पुढ्यातला आकडा आपल्याला पक्क्या माहीत असलेल्या दुसऱ्या आकड्याशी जुळतो का, हे पाहायला गुणाकार पुरतो. 'बायोनंबर्स' हे हार्वर्डच्या संकेतस्थळावरील मोफत साधन अशा कामासाठी उत्तम आहे, कारण तेथे पेशींच्या आकारापासून एन्झाइमच्या वेगापर्यंत प्रत्येक संख्येसोबत ती कोणत्या लेखातून घेतली आणि कशी मोजली गेली, हेही दिलेले असते.

दोन बारीक प्रश्न विद्यार्थ्यांनी आपणहून उपस्थित केले. काही बातम्यांत जिवाणूंचा आकडा 38 ऐवजी 39 लाख कोटी का? शोध घेतल्यावर दिसले की तोच निबंध जानेवारी 2016 मध्ये 'बायोआर्काइव्ह'वर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाआधी, प्रसिद्ध झाला होता आणि बातम्या त्या वेळच्या आवृत्तीवरून लिहिल्या गेल्या. परीक्षणानंतरच्या आवृत्तीत आकडा 38 झाला. एकाच कामाच्या दोन आवृत्त्या असतात आणि संदर्भ देताना शेवटची द्यावी, हे त्यांना यातून कळले. दुसरा प्रश्न: मानवी पेशी 37 लाख कोटी असेही काही ठिकाणी लिहिलेले आहे, ते चूक का? तो आकडा 2013 मधील एका वेगळ्या अभ्यासाचा, आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या 'पीएनएएस' या नियतकालिकातील अभ्यासाने पुरुषासाठी सुमारे 36, स्त्रीसाठी सुमारे 28 आणि दहा वर्षांच्या मुलासाठी सुमारे 17 लाख कोटी असे अंदाज दिले आहेत. हे तीन अभ्यास एकमेकांची नक्कल करत नाहीत. त्यांच्या पद्धती वेगळ्या असूनही उत्तरे एकाच पट्ट्यात येतात आणि 10 लाख कोटींपासून सगळीच दूर आहेत. स्वतंत्र साक्षीदार म्हणतात ते यांना. सेंडर यांच्या निबंधात जिवाणूंच्या संख्येत सुमारे 25 टक्के अनिश्चितता मान्य केलेली आहे, आणि व्यक्तिव्यक्तींमधील फरक त्याहून मोठा सांगितला आहे. आपली अनिश्चितता आकड्यात सांगणारा लेख मला नेहमीच अधिक भरवशाचा वाटतो.

चॅटबॉट आणि विकिपीडिया

विद्यार्थ्याने मधल्या काळात एका चॅटबॉटलाही हाच प्रश्न विचारला होता. त्याने प्रमाण जवळपास बरोबर सांगितले, पण पुराव्यादाखल जो शोधनिबंध दिला त्याचा डीओआय, म्हणजे लेखाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक, अधिकृत संकेतस्थळावर घातल्यावर काहीच उघडले नाही, आणि त्या शीर्षकाचा लेख पबमेडवरही सापडला नाही. उत्तर बरोबर असले तरी असा संदर्भ पोस्टरवर गेला असता तर परीक्षकांपुढे दोघांची पंचाईत झाली असती. डीओआय उघडून पाहायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ प्रत्येक संदर्भासाठी काढलाच पाहिजे.

विकिपीडियाबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात भीती होती, कारण 'विकिपीडिया चालणार नाही' असे त्यांना सर्वत्र ऐकायला मिळते. प्रत्यक्षात इंग्रजी विकिपीडियावरील लेखात दहापटीचा अंदाज जुना पडल्याची नोंद होती आणि तळटीपेत 2016 च्या निबंधाचा दुवाही होता. तळटीपांपासून सुरुवात केली असती तर बारा पानांचा फेरा वाचला असता. संदर्भ म्हणून विकिपीडियाचे नाव देऊ नये, पण मूळ लेखापर्यंत नेणारी वाट म्हणून ती जरूर वापरावी, असे माझे मत आहे. मराठी विश्वकोशाच्या ऑनलाइन नोंदी संकल्पना समजून घ्यायला आणि मराठीत नेमके लिहायला फार चांगल्या आहेत. त्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला, म्हणून जुन्या खंडांतील नोंदींतून व्याख्या आणि वर्णने घ्यावीत, अलीकडे बदललेले आकडे मात्र नव्या लेखांतून घ्यावेत.

मोफत न उघडणाऱ्या लेखांचा प्रश्न उरतोच. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिके पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट सेवेचे खाते दोघांना काढून दिले. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे 13 हजार नियतकालिके खुली झाली आहेत. खाते आहे, पण ते असल्याचे माहीत नाही, अशी अवस्था मी अनेक वर्गांत पाहतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सोय दारात येऊनही मुले टिपणांच्या साइटवर अडकून पडतात.

पोस्टर आणि त्यानंतर

ठळक शीर्षक काढून टाकायला दोघांचे मन तयार नव्हते, हे समजण्यासारखे आहे. वाक्य आकर्षक होते. अखेर त्यांनी पोस्टरची रचनाच बदलली. डावीकडे 1972 चा गुणाकार, उजवीकडे 2016 चा, दोन्हींत बदललेला घटक लाल रंगात, आणि खाली प्रात्यक्षिकाच्या वहीतील तांबड्या पेशींचे गणित. नवे शीर्षक होते: 'शरीरात जिवाणू किती? एका आकड्याची तपासणी'. स्पर्धेच्या दिवशी सर्वाधिक प्रश्न लाल रंगातील त्या घटकावरच आले आणि दोघांनी फळ्यावर गुणाकार करून उत्तरे दिली.

विभागाने त्यानंतर सेमिनारच्या अर्जात एक रकाना वाढवला: 'हा आकडा प्रथम कोणी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या पद्धतीने काढला?' प्रत्येक विधानासाठी एवढी खोल तपासणी शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. सेमिनारचा सारा डोलारा ज्या एका-दोन विधानांवर उभा असतो त्यांच्यासाठीच तो रकाना भरायचा, असे ठरले आहे.

त्या रकान्यामुळे पुढचा विषय आपोआप पुढे आला. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे रेणू किती, याला एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात 38 असे उत्तर आहे, तर पदवीच्या नव्या पुस्तकांत 30 ते 32. वर्गातील एका गटाने फरकाचे मूळ शोधले आहे: जुन्या गणितात ऊर्जा वाहून नेणाऱ्या रेणूंपैकी एका एनएडीएचमागे 3 आणि एका एफएडीएच2मागे 2 एटीपी धरतात, नव्यात 2.5 आणि 1.5. त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एनसीईआरटीच्या पुस्तकात 38 च्या आधी स्पष्ट म्हटले आहे की हा हिशेब काही गृहीतकांवर केलेला सैद्धांतिक हिशेब आहे, आणि ती गृहीतके एकाखाली एक दिलेली आहेत. प्रवेश परीक्षेच्या टिपणांत फक्त 38 उरला आहे. गृहीतकांची ती यादी कोणकोणत्या टिपणांतून गळाली, हे तो गट सध्या पाहतो आहे.